ठिणगीचा सांगावा

आई वांगी चिरते तेव्हा चिरलेल्या फोडी ती लागलीच पाण्याच्या पातेल्यात टाकते, हे तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. तसे का करतेस, असे विचारले तर ती म्हणेल, "नाहीतर काळ्या पडतात." तिचे म्हणणे अगदी खरे आहे. ताटात उघड्या राहिलेल्या फोडी घटकाभरात तपकिरी होतात. कापलेल्या सफरचंदाचीही तीच गत होते. फार दिवस उघडे राहिलेले गोडे तेल खवट होते. पावसाळ्यात अंगणात विसरलेल्या कोयत्यावर तांबडा गंज चढतो. वांगे, तेल आणि कोयता या तीन वस्तूंत एकमेकींशी काहीही साम्य नाही. परंतु तिघींना बिघडविणारा एकच आहे. तो म्हणजे हवेतील प्राणवायू.

आता नवल पाहा. ज्या वायूला आपण 'प्राण' हे नाव दिले, जो काही मिनिटे मिळाला नाही तर माणूस दगावतो, तोच वायू लोखंडाला गंज चढवितो आणि तेल नासवितो. मग आपल्या शरीरात शिरल्यावर तो तेथे निव्वळ उपकारच करतो काय? की आपल्यालाही आतून हळूहळू गंज चढतो? ही शंका फार जुनी आहे. किंबहुना प्राणवायूच्या शोधाइतकीच जुनी आहे.

१ ऑगस्ट १७७४ या दिवशी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली या गृहस्थांनी एका मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले. त्यातून एक वायू निघाला. त्या वायूत मेणबत्ती धरली, तर तिची ज्योत विलक्षण तेजाने जळू लागली. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच वायूत एक उंदीर कोंडून पाहिला. साध्या हवेत जितका वेळ तो तग धरता, त्याच्या दुप्पट वेळ त्याने तग धरला. स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञालाही हा वायू स्वतंत्रपणे सापडला होता. परंतु प्रीस्टली यांनी आपल्या प्रयोगांचे वर्णन आधी छापले. त्या वर्णनात त्यांनी एक विचार सहज लिहून ठेवला आहे. या शुद्ध वायूत मेणबत्ती जशी भराभर जळून संपते, तसे त्यात सतत श्वास घेणारा माणूसही लवकर जगून संपेल की काय, असे त्यांना वाटले. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, फार मोठ्या दाबाखालील प्राणवायूत ठेवलेल्या प्राण्यांना आचके येतात आणि ते मरतात. प्रीस्टली यांची शंका अगदीच पोकळ नव्हती.

मात्र प्राणवायू शरीरात नेमके काय करतो, हे समजण्यासाठी पेशीच्या आत डोकवावे लागते. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे आणि बहुतेक प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक कण असतात. त्यांना पेशीची चूल म्हणावे. आपण खाल्लेल्या भाकरीतील आणि भातातील ऊर्जा शेवटी या चुलीवर मोकळी होते. परंतु ही चूल धडाडून पेटत नाही. येथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात दिले जातात.

गावात कोठे आग लागली की लोक विहिरीपासून घरापर्यंत रांग धरतात आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवितात. ही रांग काहीशी तशीच आहे. रांगेच्या शेवटी प्राणवायूचा रेणू उभा असतो. त्याच्या पदरात एकूण चार इलेक्ट्रॉन पडले आणि सोबत हायड्रोजन आला, की त्याचे साधे पाणी बनते. तेथे गोष्ट संपते. परंतु इतक्या घाईच्या रांगेत एखादी बादली कधीतरी हिंदकळायचीच! मध्येच एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि प्राणवायूच्या रेणूला एकटाच चिकटतो. असा अर्धवट भरलेला प्राणवायू स्वस्थ बसत नाही. शास्त्रज्ञ त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. त्याच्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी बाटलीत मिळते, तेच हे. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८१८ मध्ये प्रथम तयार केले. या हायड्रोजन पेरॉक्साइडची पेशीतील मोकळ्या लोहाशी गाठ पडली, तर त्यातून एक फार जहाल कण निपजतो. तो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. मग ते पेशीचे आवरण असो, प्रथिन असो की आनुवंशिक गुण साठविणारी जनुके असोत.

या सर्व कणांना आपण या पाठापुरते 'ठिणग्या' म्हणू. चूल आहे तेथे ठिणग्या उडणारच.

रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनातील विदुषी अमेरिकेत संशोधन करीत असताना, १९५४ मध्ये त्यांनी आणि डॅनियल गिल्बर्ट प्रभृती सहकाऱ्यांनी असे मांडले की, क्ष-किरणांनी होणारी इजा आणि अति प्राणवायूने होणारी इजा या दोहोंच्या मुळाशी हेच कण आहेत. १९५६ मध्ये डेनहॅम हारमन यांनी त्याही पुढे पाऊल टाकले. माणसाला म्हातारपण येते तेच या ठिणग्यांचे चटके जन्मभर साठत गेल्यामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पेशी हे चटके मुकाट्याने सोसत असेल काय? तसे नाही, हे १९६९ मध्ये उघड झाले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच हे दोघे काम करीत होते. त्यांना गुरांच्या रक्तपेशींत असे एक विकर सापडले, की त्याचे कामच मुळी सुपरऑक्साइडचा नायनाट करणे हे होते. गंमत अशी की, तांबे असलेले हे निळसर-हिरवे प्रथिन शास्त्रज्ञांना तीस वर्षांपूर्वीच मिळालेले होते. ते शुद्ध करून ठेवलेलेही होते. ते करते काय, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते! वस्तू हातात असूनही तिचा उपयोग न कळणे, हे विज्ञानात आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळदा घडते.

दुसरे एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे दोन भाग करते. त्याचे नाव कॅटालेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला लाखो रेणूंचा फडशा पाडतो. त्याचे काम तुम्हांला डोळ्यांनी पाहता येईल. वडीलधाऱ्यांना जवळ बसवून कच्च्या बटाट्याच्या चकतीवर औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाका. चकतीवर पांढरा फेस उसळेल. तो फेस म्हणजे सुटा झालेला प्राणवायू. आता बटाटा चांगला उकडून, थंड करून तोच प्रयोग करा. फेस येणार नाही, कारण उष्णतेने विकर निकामी झालेले असते. खरचटलेल्या गुडघ्यावर हे औषध लावले की फेस येतो, तोही याच कारणाने. फुटलेल्या पेशींतील आणि रक्तातील कॅटालेज तेथे काम करीत असते.

येथवरची हकिकत सरळ आहे. ठिणग्या या शत्रू, विकरे ही आपली शिपाई मंडळी. ठिणग्या वाढल्या आणि शिपाई अपुरे पडले, म्हणजे पेशीवर ताण येतो. या स्थितीला हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये 'ऑक्सिडीकरणाचा ताण' असे नाव रूढ केले. मग उपायही सरळच दिसतो. जितक्या ठिणग्या विझवाल तितके बरे! पुष्कळ शहाण्या माणसांनाही अनेक वर्षे असेच वाटत होते. परंतु काही गोष्टी या हिशेबात बसेनात.

पहिली गोष्ट आजारी मुलांची. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांना अशी काही मुले आढळली, की त्यांना पुनःपुन्हा गळवे होत, फुप्फुसात पू होई आणि त्यातील बरीचशी लहानपणीच दगावत. त्यांच्या पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना गिळत होत्या, हे सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसे. परंतु गिळलेले कित्येक जंतू पोटात जिवंतच राहत. पुढे कारण कळले. निरोगी पांढरी पेशी जंतूला गिळताच मुद्दाम भराभर प्राणवायू ओढून घेते आणि त्याचे सुपरऑक्साइड बनवून त्याचा जंतूंवर मारा करते. त्यासाठी तिच्याजवळ एक खास विकर असते. या मुलांच्या पेशींत जन्मतःच ते विकर चालत नव्हते. म्हणजे ठिणग्या केवळ चुकून उडतात असे नव्हे. पेशी त्या हेतुपुरस्सर पाडतेही! आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. या मुलांच्या शरीरात सूज आणि दाह नको तितका वाढे आणि जंतू नसतानाही लवकर ओसरत नसे. ठिणग्या नाहीत म्हणून आग कमी व्हावी, तर उलट ती विझण्याचेच नाव घेत नव्हती. जणू 'आता पुरे' हा हुकूम कोणापर्यंत पोहोचतच नव्हता. आज औषधांनी आणि अस्थिमज्जेच्या रोपणाने यांपैकी अनेक मुले वाचतात.

हुकूम, निरोप, सांगावा! हे शब्द पेशीच्या बाबतीत वापरताना आम्ही अतिशयोक्ती करीत नाही. पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात. मात्र त्यांची भाषा रेणूंची असते. तुमचे बोट कापले, असे समजा. रक्त थांबविण्यासाठी धावून आलेल्या रक्तपट्टिका एक विशिष्ट प्रथिन सोडतात. ते जवळच्या पेशींच्या आवरणावर जाऊन कुलपात किल्ली बसावी तसे बसते. त्याचा अर्थ असा की, 'येथे जखम झाली आहे. वाढा, विभागा, इकडे या.' निरोप दारापर्यंत आला. तो आत केंद्रकापर्यंत कसा जायचा? आतील प्रथिने एकमेकांवर फॉस्फेटची खूण उमटवीत जातात. खूण उमटली की प्रथिन जागे होते आणि पुढच्यावर खूण उमटवते.

१९९५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे सुंदरेशन, फिंकेल आणि त्यांचे सहकारी हीच साखळी तपासत होते. त्यांनी उंदराच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशी काचपात्रात वाढविल्या आणि त्यांना रक्तपट्टिकांचे ते प्रथिन दिले. तेव्हा पेशींच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण थोडा वेळ वाढले आणि पुन्हा खाली आले. यात काही विशेष नाही, ही नुसती सांडलवंड असेल, असे कोणी म्हणाले असते. म्हणून त्यांनी पेशींच्या आत जास्तीचे कॅटालेज घातले. ठिणगी पडताक्षणीच विझू लागली आणि निरोपही थांबला! खुणा नीट उमटेनात, पेशी वाढेनात, हाक आली त्या दिशेने सरकेनात. किल्ली कुलपात बसलेली होती. परंतु दार उघडत नव्हते. ठिणगी ही सांडलवंड नव्हती, सांगाव्याचाच एक भाग होती.

एक साधा, जहाल म्हणून बदनाम झालेला रेणू निरोप कसा पोहोचवितो? हे समजण्यासाठी वर्गातला फळा डोळ्यांपुढे आणा. गुरुजी फळ्यावर लिहीत आहेत आणि एक फार तत्पर मुलगा हातात पुसणे घेऊन शेजारी उभा आहे. गुरुजींनी अक्षर काढले रे काढले, की तो ते पुसून टाकतो. अशाने वर्गाला काही वाचता येईल काय? पेशीतही फॉस्फेटच्या खुणा पुसणारी विकरे असतात आणि ती अशीच तत्पर असतात. ती हवीतच, नाहीतर एकदा दिलेला 'वाढा' हा हुकूम कधी थांबणारच नाही, आणि न थांबता वाढत जाणे म्हणजे कर्करोग. परंतु निरोप वाचला जाईपर्यंत तरी पुसणाऱ्याचा हात कोणी धरावयास हवा. हे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करते.

या पुसणाऱ्या विकराच्या अगदी कामाच्या जागी गंधकाचा एक अणू असतो. प्राणवायूला आणि गंधकाला एकमेकांची ओढ आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने त्या गंधकाला प्राणवायूचा एक अणू चिकटविला, की विकराचा हात बांधला जातो आणि खुणा फळ्यावर राहतात. थोड्या वेळाने पेशीतील दुसरे रेणू येऊन तो प्राणवायू काढून घेतात. गंधक पूर्ववत होतो आणि विकर पुन्हा पुसू लागते. आला, सांगितले, गेला. मागे खूण नाही. उत्तम निरोप्याचे हेच लक्षण नव्हे काय? हायड्रोजन पेरॉक्साइड लहान आहे, फार वेळ टिकत नाही, आणि पेशीच्या आवरणातून जाऊ शकते. मात्र त्याचे प्रमाण भलतेच वाढले, तर गंधकाला एकाऐवजी दोन-तीन प्राणवायूचे अणू चिकटतात. मग तो सहसा पूर्ववत होत नाही. गाठ सुटत नाही, हात कायमचा जखडतो आणि सांगाव्याचे रूपांतर इजेत होते. ऑक्सिडीकरणाचा ताण पेशीतील निरोपांवर परिणाम करतो, तो प्रामुख्याने असा. ठिणगी तीच, फरक पडतो तो किती, कोठे आणि किती वेळ यांनी.

गंधकाची ही युक्ती माणसाने किंवा उंदराने काढलेली नाही. आपल्या आतड्यात राहणारा एक साधा जिवाणूही ती वापरतो. त्याच्याजवळ एक प्रथिन आहे. त्यात गंधकाचे दोन अणू एकमेकांपासून दूर असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आले की ते दोघे एकमेकांना कडी घालतात, सगळ्या प्रथिनाचा आकार बदलतो, आणि ते जनुकांवर जाऊन कॅटालेज बनविण्याचा हुकूम देते. बचाव पुरा झाला की कडी निघते. एवढ्याशा जिवाणूला पेरॉक्साइडचा वास येतो, म्हणा ना!

आपल्या पेशींतील व्यवस्था थोडी निराळी आहे आणि पहिल्याने ऐकताना ती उधळपट्टीची वाटते. जपानमधील यामामोतो, इतोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९९ च्या सुमारास उलगडली. बचावाची जनुके जागी करणारा एक दवंडीवाला आपल्या पेशीत रात्रंदिवस तयार होत असतो. आणि एक पहारेकरी त्याला तयार होताच पकडून नष्ट करावयास धाडीत असतो. शांततेच्या काळात दवंडीवाला काही मिनिटेच जगतो. परंतु या पहारेकऱ्याच्या अंगावरही गंधकाचे अणू आहेत. ठिणग्या वाढल्या की त्या अणूंना झळ लागते, पहारेकऱ्याची पकड निकामी होते, दवंडीवाला सुटतो आणि थेट केंद्रकात जाऊन दवंडी पिटतो. मग ठिणग्या विझविणारी कितीतरी प्रथिने एकदम बनू लागतात. संकट आल्यावर दवंडीवाला शोधत बसण्यापेक्षा, तो सदैव तयार ठेवून अडवून धरणे वेळेची बचत करते. उधळपट्टी दिसते ती खरी सावधगिरी आहे.

आता तुमच्या ध्यानात येईल की, सरसकट सर्व ठिणग्या विझविणे का धोक्याचे ठरावे. हे केवळ तर्काने सांगण्याजोगे असते, तर बरे झाले असते. प्रत्यक्षात ते फार महागात कळले.

गाजरासारख्या भाज्यांना रंग देणारे बीटा-कॅरोटीन हे द्रव्य ठिणग्या शमविते, असे मानले जाई; आणि भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असेही दिसले होते. तेव्हा फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना घेऊन मोठी चाचणी केली गेली. ते सर्व ५० ते ६९ वर्षे वयाचे होते. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली, काहींना 'ई' जीवनसत्त्व दिले, काहींना दोन्ही, तर काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. हे पाच ते आठ वर्षे चालले. १९९४ मध्ये निकाल छापला गेला तेव्हा सारे थक्क झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नव्हताच. तो सुमारे १८ टक्क्यांनी अधिक झाला होता. अमेरिकेत अशाच एका चाचणीत बीटा-कॅरोटीन आणि 'अ' जीवनसत्त्व दिले जात होते. तेथेही कर्करोग वाढलेला दिसताच १९९६ मध्ये गोळ्या ठरल्या वेळेआधीच बंद कराव्या लागल्या. हे असे का झाले, याची कारणे एकाहून अधिक असावीत आणि त्यांवर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालते. पण गोळ्या देणारे डॉक्टर काही निष्काळजी नव्हते. त्यांनी चाचणी केली, मोजदाद केली आणि मनाविरुद्धचा निकाल जसाच्या तसा छापला. म्हणूनच आज आपल्याला तो ठाऊक आहे.

दुसरा प्रयोग लहान होता. पण आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. २००९ मध्ये जर्मनीतील मिखाएल रिस्टो यांनी काही तरुणांना चार आठवडे नेमाने व्यायाम करावयास लावला. व्यायामात स्नायू जास्त प्राणवायू वापरतात, त्यामुळे तेथे ठिणग्याही जास्त पडतात. निम्म्या तरुणांना रोज 'क' जीवनसत्त्वाचे १००० मिलिग्रॅम आणि शिवाय 'ई' जीवनसत्त्व दिले. ज्यांना गोळ्या नव्हत्या, त्यांच्या शरीराला रक्तातील साखर अधिक चांगली हाताळता येऊ लागली आणि त्यांच्या स्नायूंत ठिणग्या विझविणारी विकरेही अधिक बनू लागली. ज्यांना गोळ्या होत्या, त्यांच्यात हा लाभ दिसला नाही. व्यायामाचा सांगावा वाटेतच विझला होता. यानंतरच्या सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. आणि यावरून कोणी आवळा, पेरू, गाजरे खाणे सोडू नये! फळात असते ते थोडे असते आणि त्याच्याबरोबर दुसरे कितीतरी असते. येथे प्रश्न मूठभर गोळ्यांचा आहे.

सांगावा जातो असे आपण इतका वेळ म्हणत आहोत. तो जाताना कोणी पाहिला आहे काय? होय, पाहिला आहे. आणि ज्या प्राण्यात तो पाहिला, तो मूळचा आपल्याकडचा आहे. अंगावर निळे-रुपेरी पट्टे असलेला झेब्रा मासा गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओढ्यांत, भातखाचरांत राहतो. बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो, कारण त्याची पिले काचेसारखी पारदर्शक असतात. जिवंत पिलाच्या शरीरात काय चालले आहे, ते सूक्ष्मदर्शकातून थेट दिसते.

आधी २००६ मध्ये रशियातील शास्त्रज्ञांनी एक नामी साधन तयार केले. जिवाणूतील गंधकाच्या कडीचे ते प्रथिन त्यांना ठाऊक होते. त्याचा एक भाग त्यांनी एका चमकणाऱ्या प्रथिनाशी जोडला. आता हायड्रोजन पेरॉक्साइड आले की कडी पडे, आकार बदले आणि चमक बदले. अदृश्य ठिणगीचा दिवा झाला! २००९ मध्ये अमेरिकेत फिलिप नीटहामर, टिमोथी मिचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन झेब्रा माशाच्या पिलांत घातले, आणि तीन दिवसांच्या पिलाच्या शेपटीच्या पराचा बारीकसा तुकडा कापून ते पाहत बसले.

काही मिनिटांतच जखमेच्या काठावरील पेशी उजळू लागल्या. तेथून ती चमक आतल्या बाजूस पसरत गेली. कडेला दाट, आत विरळ, अशी ती एक ते दोन दशांश मिलिमीटरपर्यंत पोहोचली आणि सुमारे २० मिनिटांत तिचा कळस झाला. त्या वेळेपर्यंत एकही पांढरी रक्तपेशी जखमेजवळ आलेली नव्हती. म्हणजे हे हायड्रोजन पेरॉक्साइड जंतू मारणाऱ्या पेशींनी आणलेले नव्हते. ते कापल्या गेलेल्या कातडीनेच केले होते. त्यानंतर दूरवरच्या पांढऱ्या पेशी वळल्या आणि जखमेकडे सरकू लागल्या. शास्त्रज्ञांनी पुढे कातडीतील हायड्रोजन पेरॉक्साइड बनविणारे विकर बंद पाडून तोच प्रयोग केला. जखम तेवढीच, मासा तोच; परंतु आता चमक पसरली नाही, आणि पांढऱ्या पेशी जखमेकडे येईनाशा झाल्या. हाकच गेली नव्हती.

एक गोष्ट राहिली. ही हाक थांबविते कोण? हाक तशीच चालू राहिली, तर दाहही चालूच राहील, आणि त्या आजारी मुलांचे हाल आपण वर पाहिलेच आहेत. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी याच माशांत याचे उत्तर शोधले. जखमेकडे धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी पुष्कळांजवळ एक हिरव्या रंगाचे विकर असते. पुवाला कधी कधी हिरवट छटा दिसते, ती त्याचीच. हे विकर आपल्या कामासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून टाकते. ज्या पिलांत हे विकर नव्हते, त्यांच्या जखमेवरचे हायड्रोजन पेरॉक्साइड अधिक राहिले. ज्यांत होते, त्यांत ते उतरले. जी मंडळी हाकेला ओ देऊन आली, तीच पोहोचल्यावर हाक शांत करीत होती. काही दिवसांतच पिलाच्या शेपटीचा कापलेला पर पुन्हा वाढतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही तो कोठे कापला होता, हे ओळखणे कठीण जाते.